जांभळ्या वाफ्याला पाणी

मनकर्णानं लव्हेंडरचं एक रोप मुळासकट उपटलं आणि जालिंदरच्या ओट्यावर, चहाच्या कपाशेजारी नेऊन ठेवलं. मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती.

"भाऊजी, हे काय?"

"मला काय इचारता, वैनी? तुमी म्हायेराला गेल्या, आठ दिस मी लेकरावानी पानी पाजलं. न्हाई जगली, त्याला मी काय करू?"

जालिंदर तिचा धाकटा दीर. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. घरामागचा मुरमाड तुकडा तिनं मागितला, तेव्हा चार माणसांत हसत म्हणाला होता, "दोन उन्हाळे हिरवा ठिवा, तुकडा तुमचा. पर सामायिक इहिरीचं पानी मागायचं न्हाई. तळ उघडा पडलाय." नवरा अंगद नागापूरला कंपनीत. भावाच्या शब्दापुढं तो कधी गेला नाही.

मनकर्णानं मग कमी पाण्यावर काय जगतं ते शोधलं. मुरूम ओढून उंच वरंबे केले, शेणखत टाळलं. पाणी तांब्याभर, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. फुलं सरली की शेंडे छाटायची. बाया हसायच्या, "शेळीसुदिक तोंड लावंना, असलं कसलं पीक गं?" पण दुसरा उन्हाळा निम्मा सरला तरी वाफा जांभळा उभा.

मग जालिंदरला वाफ्याचं फार कौतुक वाटू लागलं.

"वैनी, पानी जास्ती झालं तर?"

"मुळं कुजत्यात. पान्यानंच मरतंय ते."

घरातला माणूस, म्हणून सांगितलं. पुढच्या बाजारी त्यानं घोडेगावहून दोन म्हशी आणल्या, गोठ्याला जागा नसताना, आणि म्हणाला, "अकोल्याला तुमच्या आईला बघून या. वाफ्याचं मी बघतो."

आता ओट्यावर माणसं जमली. म्हातारे छगनमामा म्हणाले, "मनकर्णा, टँकरच्या दिसांत त्यानं तुझ्या झाडाला पानी पाजलं, आन तू त्याच्यावरच आळ घेती?"

सगळ्यांनी माना हलवल्या. पाणी तोडलं अशी तक्रार गावाला कळते. पाणी घातलं ही तक्रार कुणाकडं न्यायची? मारणारा पाणपोई घालणारा ठरला होता.

जालिंदरला चेव आला. "तांब्याभर न्हाई, मामा. रोज मोटर लावून पाइप सोडीत हुतो."

मनकर्णानं पदर खोचला.

"कुठल्या इहिरीची मोटर, भाऊजी?"

छगनमामांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"सामायिक इहिरीचीच ना? आठ दिस पाइप भरून चालली, म्हंजी पानी हाय. निम्मं आमचं. आन मला दोन उन्हाळे तांब्यावर ठिवलं."

"वैनी, तसं न्हाई..."

"तुकडा घ्या, गोठा बांधा. बोलीत मी हरले. उद्यापसनं दिसाआड मोटर माझी. मामा, तुमी ऐकलंच हाय."

मामांना ऐकलं नाही म्हणायला जागा उरली नव्हती.

मनकर्णा वाफ्यात जाऊन उरलेली रोपं उपटू लागली. जोर लावावा लागत नव्हता, हात लावला की येत होती. पाणी आता मिळणार होतं. पण ही कशानं मरतात ते त्याला आपणच सांगितलं, तेही हौसेनं, हे काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.