न चुकता चुकणाऱ्या वहिनी

वैशाखातल्या मांडवीच्या उन्हाला मिठाचा वास असतो. त्या उन्हात अंगणातली आमसुलं परतताना कुमुदवहिनींची लालसर डागाळलेली बोटं क्षणभर हवेतच थबकत. स्पर्शावाचूनच त्यांना काही कळत असावं, असं वाटायला लावणारं ते थबकणं होतं.

ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. मी कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते आणि दामलेसरांच्या शेजारी भाड्यानं राहत होते. सर मानसशास्त्राचे प्राध्यापक. एका मनातलं दुसऱ्या मनाला इंद्रियांवाचून उमगतं का, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. भुताखेतांच्या गोष्टींचा मात्र त्यांना तिटकारा. सुट्टीतल्या निःशब्द दुपारी ते ओटीवर बसत. वर्तुळ, चौकोन, फुली, लाटा, चांदणी अशी चिन्हं काढलेल्या पत्त्यांतला एकेक उचलून त्याच्याकडे एकाग्र पाहत आणि घंटी वाजवत. आत माजघरात बसलेल्यानं चिन्ह ओळखायचं, मी ते टिपून घ्यायचं. विद्यार्थी आले, शेजारीपाजारी आले. प्रत्येकाचे काही अंदाज बरोबर, बरेच चूक. म्हणजे निव्वळ योगायोग. सरांच्या पत्नीचं, कुमुदवहिनींचं, मात्र एकही उत्तर कधी बरोबर आलं नाही.

सर आधी हसले. मग एका दुपारी हसता हसता थांबले. मला हळूच म्हणाले, "डोळे मिटून उत्तरं दिली तरी चार-दोन बरोबर येतातच. एकही येऊ द्यायचं नसेल, तर प्रत्येक पत्ता आधी दिसावा लागतो."

बाहेर माड हलत होते, तरी घरात वारा नव्हता.

सरांनी वहिनींना विचारलं तेव्हा त्या जराही दचकल्या नाहीत. संथ पाण्यासारख्या आवाजात सांगत गेल्या. वेळणेश्वरला माहेरी, लहानपणी, जेवताना त्या सहज बोलून गेल्या होत्या की उद्यापासून धाकट्या भावाचं पान मांडायला नको. दुसऱ्या दिवशी तो समुद्रातून परतला नाही. त्यानंतर आईनं कधी त्यांची वेणी घातली नाही.

"तेव्हापासून मी चुकते," वहिनी म्हणाल्या. "आता सवयच झालीय."

सरांनी त्या दिवशीचे पत्ते आवरून ठेवले. पण आयुष्यभराची तृष्णा अशी एका संध्याकाळी शमत नाही. एकदाच, फक्त एकदा, न चुकता सांग, असं त्यांनी विनवलं. वहिनींनी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं आणि अखेर, नवऱ्याच्या हट्टाला बायका ज्या थकव्यानं होकार देतात त्या थकव्यानं, मान हलवली.

दुसऱ्या दुपारी मी त्यांच्यासमोर बसले होते. घंटी वाजण्याच्या किंचित आधीच त्यांचे ओठ हलत. त्यांच्या चेहऱ्यावर कष्टाची रेषाही नव्हती. उलट, वर्षानुवर्षं आवळून धरलेली मूठ कुणी सैल सोडावी तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत पसरत होतं. पडताळून पाहिलं. सगळी उत्तरं बरोबर होती.

सर लहान मुलासारखे उजळलेल्या मुद्रेनं आत आले. वहिनींनी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं, पाहत राहिल्या. ती नजर त्यांच्यावर थांबलीच नाही, आरपार गेली.

"काय झालं, कुमुद?"

"काही नाही. चहा टाकते."

सरांचा चेहरा सावकाश विझला. वहिनींची चुकीची उत्तरं त्यांच्याइतकी कुणी अभ्यासली होती? त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पत्ते त्यांनी चुलीत घातले. मुंबईच्या परिषदेत निबंध वाचायचा होता, तेही रद्द केलं. मग रोज उतरत्या उन्हात ती दोघं मांडवीच्या जेटीवर जाऊन बसत.

आश्विनात, लख्ख सकाळी, दाढी करता करता सर गेले. वहिनींनी आरडाओरडा केला नाही. मी धावत गेले तेव्हा त्यांनी सरांच्या गालावरचा फेस पुसून काढला होता.

पुढे वर्षभरानं त्या वेळणेश्वरला निघाल्या. एसटीत चढताना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "येत जा गो," म्हणाल्या. मी मात्र स्वतःच्या पायांकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांत डोळे घालायचं धैर्य मला झालं नाही.

माणूस गेल्यावर आपण त्याची आठवण काढतो. त्या जेटीवर, जिवंत माणसाच्या खांद्याला खांदा लावून, वहिनी त्याची आठवण काढत बसल्या होत्या.