भैरोबापुढचं खोबरं

रविवारी सकाळी विंझरच्या फाट्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला की सुलक्षणा शिलाई मशीनवर पाय जोरात चालवायला लागायची. मशीनच्या खडखडाटात तो हॉर्न बुडून जावा, एवढाच हेतू. पण हॉर्न कसला बुडतोय! तो वाजायचा, मागून हाका, हशा, चढण्याची लगबग ऐकू यायची, आणि टेम्पो राजगडाच्या वाटेला लागला की गल्लीत कोंबड्यांखेरीज कुणी उरायचं नाही. नवरा शिरवळला कंपनीत, त्याला रविवारचीही पाळी. मूलबाळ नाही. ब्लाउजला हूक लावता लावता तिच्या मनात यायचं, एवढ्या गावात आपल्याशी बोलायला फक्त गिऱ्हाईक येतं, आणि तेही मापापुरतं बोलतं.

एकेकाळी त्याच टेम्पोत ती बसायची. गडसेवा मंडळात तिच्यावाचून पान हलत नसे. टाक्यातला गाळ काढायचा, प्लास्टिक वेचायचं, गडफेरीला आलेल्या बायाबापड्यांना पाणी पाजायचं. शेजारी मैत्रीण स्नेहल, आणि दोघींत मिळून एक डबा. आठवडाभर मान मोडून शिवायचं ते त्या एका सकाळच्या जोरावर.

मग चोरदरवाजाच्या उतारावर टेम्पोवाल्या कुमारनं "हात द्या वहिनी, घसराल" म्हणत नको तिथं हात लावला. पहिल्यांदा तिला वाटलं, चुकून लागला असेल. दुसऱ्यांदा तो चुकून नव्हता. त्यानंतर मोबाईलवर नको ते निरोप यायला लागले, तेव्हा तिनं धीर करून मंडळाच्या प्रमुखाला, गोरखभाऊला सांगितलं.

गोरख काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. बांधाचा तंटा असो की भावाभावांचा अबोला, तो दोघांना भैरोबाच्या देवळात समोरासमोर बसवायचा, नारळ फोडायचा, दोघांच्या हातावर खोबरं ठेवायचा आणि म्हणायचा, मिटलं, आता विषय काढायचा नाही. देवाची साक्ष झाली म्हटल्यावर कोण तोंड उघडणार? याच रीतीनं त्यानं कितीतरी घरं पुन्हा बोलती केली होती. त्याच रीतीनं त्यानं सुलक्षणालाही बसवलं. समोर कुमार, भोवती सगळं मंडळ. चारचौघांत तिला ते सांगावं लागलं. अर्धं सांगून झालं, अर्धं पोटातच राहिलं. कुमार म्हणाला, चुकून काही झालं असेल तर माफी असावी. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, आणि गोरख समाधानानं घरी गेला.

पुढच्या रविवारी कुमार नेहमीसारखा गाडी चालवायला बसला. सुलक्षणाच्या शेजारची जागा मात्र रिकामी राहिली, कारण स्नेहल मागं जाऊन बसली होती. कुणी तिला वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. गाडी कुमारची, तीही फुकट. मग विषाची परीक्षा कोण घेणार? सुलक्षणा जायची थांबली. का थांबलीस, हे विचारायला एक माणूस दारात आला नाही.

वर्षानं आला तो गोरखच, आणि तोही कामापुरता. गडप्रेमींच्या संघानं यंदा नियम केला होता की ज्या मंडळाला गडफेरी भरवायची असेल त्यानं दोन स्वयंसेवक भोरला प्रशिक्षणाला पाठवावेत आणि त्यात एक बाई असावी. छेडछाड, गर्दी, अपघात अशा वेळी काय करायचं ते तिथं शिकवणार होते. एक गोरख स्वतः जाणार होता, आणि मंडळातल्या बाकीच्या बाया कापणीत अडकलेल्या. "नुसतं बसायचं वहिनी, बोलायचं काय न्हाई," गोरख म्हणाला. नाही म्हणायला हवं, हे सुलक्षणाला कळत होतं. तरी ती हो म्हणाली. खरं सांगायचं तर एसटीत शेजारी कुणीतरी बसेल, चार शब्द बोलेल, एवढ्या आशेवर ती गेली. एकटेपण माणसाला असं लाचार करतं.

भोरला प्रशिक्षण द्यायला सारिकाताई होत्या. बायकांसाठीचं सल्ला केंद्र चालवून त्यांचे केस पांढरे झाले होते. कुणी तक्रार घेऊन आलं तर त्याला आधी बाजूला, विश्वासाच्या माणसाजवळ बसवा, 'तू तिथं गेलीसच कशाला' हा प्रश्न तोंडातून काढू नका, आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला आधी कामावरून दूर ठेवा, मग चौकशी करा, असं त्या समजावून सांगत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, तुमच्याकडे असं काही झालं तर तुम्ही काय करता?

गोरख हौसेनं उभा राहिला. नाव न घेता त्यानं सगळी हकिकत सांगितली, नारळासकट. सुलक्षणा शेजारच्याच खुर्चीवर होती. तिनं पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"छान," सारिकाताई म्हणाल्या. "आता तो माणूस मंडळात येतो?"

"येतो की. गाडीच त्याची हाय."

"आणि ती बाई?"

"न्हाई येत. घरची कामं असत्याल."

"तुम्ही विचारलंत तिला?"

तेव्हा सुलक्षणा उभी राहिली. आपण उभ्या राहिलो आहोत हे तिला स्वतःलाही जरा उशिरानंच कळलं.

"ती बाई मी हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी हातावर ठिवलेलं खोबरं म्या खाल्लंच न्हाई, पदरात बांधून घरी आणलं. परसाद, म्हून टाकवंना. आन् खाल्लं तर मिटलं म्हणावं लागंल, म्हून खाववंना. अजून फळीवर डब्यात हाय. वास मारतोय त्याला."

सारिकाताईंनी उठून तिला पाणी दिलं आणि तिच्या शेजारी बसूनच त्या गोरखशी बोलल्या.

"भाऊ, भांडण दोघांचं असतं, ते मिटवता येतं. त्रास एकजण देतो आणि दुसरा सोसतो. तो मिटवायचा नसतो, थांबवायचा असतो. तुम्ही नारळ फोडलात आणि तोंड बंद केलंत ते हिचं. त्याचं काय बंद केलंत?"

परतीच्या एसटीत गोरख तिच्यापासून लांब, दाराजवळ उभा राहिला. सुलक्षणाच्या शेजारची जागा रिकामीच होती. बोलून चूक केली, आता उरलंसुरलंही गेलं, असं वाटून ती खिडकीकडं तोंड करून रडली.

शनिवारी गोरख तिच्या दारात आला. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, कुमारला यायचं न्हाई म्हून सांगितलं. सगळ्यांम्होरं न्हाई, त्याच्या घरी जाऊन. चिडला. गाडी गेली, गाडीसंगं निम्मं मंडळ गेलं." मग तो म्हणाला, "त्यो डबा आणा."

तिनं डबा आणला. गोरखनं काळपट पडलेला तो तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावायला लागला. खवट खोबरं ते! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकला नाही.

"लई कडू हाय," तो म्हणाला.

"व्हय," सुलक्षणा म्हणाली. "मी वरीसभर बघत हुते त्याच्याकडं."

"ह्यो घास तुमचा नव्हताच. आमचा हुता."

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला नाही. मशीनवर बसलेल्या सुलक्षणाचे पाय आपोआप थांबले. गल्ली नेहमीसारखीच सुनी होती. मग दारातून स्नेहलचा आवाज आला. तिची नजर जमिनीवर होती आणि हातात डबा होता. एसटी मिळेल तिथवर, पुढं पायी, तिनं सांगितलं. फाट्यावर जेमतेम चार माणसं उभी होती. टेम्पोभर माणसांत सुलक्षणाला जे मिळालं नव्हतं ते त्या चौघांत मिळालं: तिच्यासाठी थांबलेली माणसं.

वाचकहो, आपल्याही गावात, मंडळात, कचेरीत असा एखादा नारळ फुटलेला असतो आणि आपण सगळे सुटलो म्हणून घरी गेलेलो असतो. प्रकरण मिटलं असं कुणी सांगितलं, तर हिशेब एकच करा. त्यानंतर यायचं कोण थांबलं? जे थांबलं असेल त्याच्या दारात जा, आणि आधी चप्पल काढा.