बिनकॅरिअरची सायकल

हबीबभाईंनी मागचा टायर नवा टाकला, ब्रेक आवळले, हँडल थोडं वर घेतलं आणि फडक्याला हात पुसत विचारलं, "ताई, कॅरिअर कौनसा लगाऊं? साधा की स्प्रिंगवाला?"

"कॅरिअर नको," दिपमाला म्हणाली.

"मग बास्केट? पुढे?"

"बास्केटपण नको."

धुळ्यात पाचकंदीलजवळ हबीबभाईंचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. शाळेच्या पोरींना, दूधवाल्यांना, पेपरवाल्यांना त्यांनी सायकली जुळवून दिल्या होत्या. पण केसांत पांढरं आलेली बाई लेकीची जुनी सायकल घेऊन येते, तिच्यावर खर्च करते आणि वर काही ठेवायची सोय नको म्हणते, हे गिऱ्हाईक त्यांना नवीन होतं.

"फिर सामान कहाँ रखोगे?"

"सामान आणायचंच नाही. नुसतं फिरायचं आहे."

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा हबीबभाईंचा नेम होता. सीटच्या बाबतीत मात्र त्यांनी वेळ घेतला. आधी पोरं घेतात तशी अरुंद, टोकदार सीट दाखवली. दिपमाला तिच्यावर बसली आणि लगेच उतरली. मग रुंद, खाली स्प्रिंगा असलेली काढली. तिच्यावर ती बसली आणि भिंतीचा आधार घेऊन तशीच बसून राहिली. पाय पायडलवर, पाठ सरळ, मांडीवर काही नाही. दुकानात गिऱ्हाइकं येऊन गेली तरी तिला उठावंसं वाटेना. ती थकली होती, आणि ते झोपून जाणारं थकणं नव्हतं.

देवपुरातल्या तिच्या घरात 'जाताजाता' हा शब्द फार चाले. शाळेत शिकवायला निघालीच आहेस तर जाताजाता दळण टाक. येताना सासूबाईंच्या गोळ्या घे. नवरा अभिमन एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर होऊन घरी बसला होता. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, तोंडाचा घाण नाही. फक्त सगळ्या जगाची सोय त्याच्या डोक्यात असायची आणि ती सोय बायकोच्या हातून व्हायची. स्कूटी घेतली ती 'दिपमालासाठी'च. पेढे वाटून झाले आणि महिन्याभरात तिच्या पायाशी गॅसचं सिलिंडर आलं, हँडलला पिशव्या आल्या, मागे कांद्याची गोणी आली. आता त्या स्कूटीवर बसणारीलाच जागा कमी पडत होती.

दिवाळीत ती जळगावला मावसबहिणीकडे, मेघाकडे गेली होती. मेघा रविवारी सकाळी मेहरूण तलावावर सायकल चालवते. "एक चक्कर मार तू," म्हणत तिनं आपली सायकल पुढे केली. दिपमालानं साडी खोचली आणि तलावाला चक्कर मारली. वाटेत कुणी तिला काही आणायला सांगितलं नाही, कुणासाठी कुठे थांबावं लागलं नाही. परत आली तेव्हा मेघानं विचारलं, "रडतेस का?" ती म्हणाली, "वारा लागला." वारा नव्हता. तेव्हाच तिनं ठरवलं की आठवड्यातला एक तास आपला. त्यात घरातलं काहीही येऊ द्यायचं नाही.

साडीवर दर आठवड्याला ही कसरत जमणार नव्हती. आग्रा रोडवरच्या दुकानात तिनं कपडे पाहिले. दुकानातल्या मुलीनं अंगाला चिकटणारी चकचकीत पँट काढली. "मॅडम, सायकलवाल्या हीच नेतात."

"ही घालून मी गल्लीतून गेले तर माझ्याआधी बातमी घरी पोचेल," दिपमाला म्हणाली. शेवटी मऊ सुती ट्रॅक पँट, खाली घोट्याला इलॅस्टिक, म्हणजे चेनमध्ये अडकायला नको, आणि मांडीपर्यंतचा सैल कुडता असं ठरलं. ओढणी नाही.

पँटला दोन्हीकडे खोल खिसे होते. घरी येऊन तिनं सुई-दोरा घेतला आणि दोन्ही खिसे शिवून टाकले.

अभिमन चष्म्यावरून बघत होता. "खिसे का शिवतेस? चांगले आहेत की."

"मोबाईल मावतो त्यात."

"मावतो म्हणूनच असतात ना ते," तो म्हणाला, आणि त्याला खरंच काही कळलं नाही.

शनिवारी ती शाळेतून आली तेव्हा सायकल अंगणात उभी होती आणि तिला कॅरिअर होतं. साधं नाही, स्प्रिंगवालं. त्यावर दळणाचा डबा रबरानं पक्का बांधलेला. शेजारी अभिमन हसत उभा होता.

"हबीबभाई विसरले होते बघ. मी जाऊन बसवून आणलं. गोंदूर रस्त्याच्या तोंडाशी नवी गिरणी झाली आहे. उद्या तू त्याच बाजूला जाणार, तर जाताजाता..."

दिपमाला ओट्यावर बसली. ओरडायला जोर लागतो आणि तो तिच्यात उरला नव्हता. जरा वेळानं ती उठली, डबा सोडून दारात ठेवला, आतून पाना आणला आणि कॅरिअरचे नट काढायला बसली. नट कडक होते. शाळेची साडी काळी झाली.

"अगं, मी तुझ्या सोयीसाठी केलं," अभिमन दुखावून म्हणाला.

"ठाऊक आहे. तुम्ही नेहमी सोयीसाठीच करता." तिनं मान वर केली नाही. "मी थकले आहे हो. कामानं नाही थकले. कुठेही जायचं म्हटलं की कुणासाठी तरी जायचं, यानं थकले. मला एक तास कुणासाठीच जायचं नाही."

खाटेवरून सासूबाई, सुंदरबाई, सगळं बघत होत्या. सोनगीरकडच्या खेड्यात त्यांचं आयुष्य डोक्यावर भारा आणि काखेत पोर घेऊन गेलं होतं.

"आसं रिकामं फिरनं बाईमानूसले शोभस का व?" त्या म्हणाल्या. "मी जलमभर रिकामा डोकानी कथंच गयी नही."

"हा आत्याबाई," दिपमाला सासूला म्हणाली. कॅरिअर सुटून हातात आलं. ते तिनं जिन्याखाली ठेवलं.

सकाळी ती निघाली. गल्लीतल्या दोघांनी विचारलं, "मॅडम, काय आणायला?" ती फक्त हसली. गोंदूर रस्त्याला घरं संपली, दोन्हीकडे कपाशी सुरू झाली. सीट चांगली होती, गुडघे कुरकुरले तरी पाठ दुखत नव्हती. फार आनंद झाला असं काही नाही. थोडा वेळ तर तिला चुकल्याचुकल्यासारखंच वाटत राहिलं, काहीतरी घरी विसरून आल्यासारखं. मग हळूहळू तेही गेलं.

परतताना वळणावर एक म्हातारी भाजी घेऊन बसलेली दिसली. झुंबरबाई. ती आपल्या शेतातली मेथी विकते हे दिपमालाला ठाऊक होतं. पेंड्या कोवळ्या, दव तसंच. दिपमालानं ब्रेक कधी दाबला आणि एक पेंडी हातात कधी घेतली हे तिलाही कळलं नाही. अभिमनला मेथी आवडते. सासूबाईंना भाकरीबरोबर लागते. हात खिशाकडे गेला आणि शिवणीवर अडला.

"पैसे नाही आणले, अक्का."

"लई जाय बहीन. पैसा पुढला आयतवारले दिजो," झुंबरबाई म्हणाली. "सायकलले लटकाडी दे."

दिपमाला पेंडी धरून उभी राहिली. तिला स्वतःचाच राग आला. अभिमनचं कॅरिअर काढता आलं, पण हे जे आपोआप पुढे येतं, त्याला कुठला पाना लावायचा? पेंडी चांगली होती. नेली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं, आणि असंच तर दर वेळी होत आलं होतं. तिनं पेंडी परत टोपलीत ठेवली.

"नको अक्का. आज काही नेत नाही."

झुंबरबाईनं तिच्याकडे जरा विचित्र बघितलं. दिपमाला सायकलवर बसली आणि मागे न बघता निघाली.

घरी अभिमन पेपर घेऊन ओट्यावर होता. "काय आणलंस?" त्यानं विचारलं. या फाटकात इतकी वर्षं हाच प्रश्न उभा असे.

"काही नाही."

"त्या रस्त्याला मेथी येते ना?"

"येते. छान होती."

"मग?"

"नाही आणली."

त्यानं सीटच्या मागे बघितलं, जिथं काही नव्हतं, आणि पेपर उगाच घडी करून ठेवला. दळणाचा डबा काल ठेवला तिथंच दारात होता. दिपमाला त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

खाटेवरून सुंदरबाईंनी विचारलं, "रिकामीच उनी?"

"हा आत्याबाई, रिकामीच."

सुंदरबाई खाटेच्या कडेला सरकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कसं वाटस व? माले काय ठाऊक, मी कधी गयीच नही."

दिपमालाला वाटलं होतं, आता बोलणी खावी लागतील. तिनं सासूकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या घरात कुणी तिला कसं वाटतं ते विचारलं नव्हतं.

"बरं वाटनं," ती म्हणाली. "भलतं बरं वाटनं, आत्याबाई."

सुंदरबाईंनी मान हलवली आणि त्या लेकाकडे वळल्या.

"अभिमन, ऊठ. दळन तू लई जाय."