हृदय बंद पडलं, पण कशानं?

‘हृदय बंद पडलं.’ मृत्यूच्या दाखल्यावर एवढं लिहिलं की विषय संपला! त्या जपानी बंदरगावच्या नगर कार्यालयात कुराहाशी शिगेकीनं वीस वर्षं असले दाखले मुकाट्यानं नोंदवले. त्याचे वडील चाळिशीत गेले, थोरला भाऊ छत्तिसाव्या वर्षी. दोघांच्याही दाखल्यावर हेच.

मग त्याची सोळा वर्षांची मुलगी चिनात्सु शाळेच्या शर्यतीच्या सरावात धावताना कोसळली.

"घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?" म्हाताऱ्या डॉक्टर ओरिकासाबाईंनी विचारलं.

"छे! कुणी नाही." रक्तातल्या रोगाचा बभ्रा झाला तर पोरीचं लग्न जमायचं नाही, अशी शिगेकीच्या आईची सक्त ताकीद होती.

"असं काय बाबा? आजोबा? काका?" चिनात्सुनं विचारलं.

"त्यांचं... हृदय बंद पडलं. तेवढंच."

"तेवढंच?" बाई कडाडल्या. "अहो, हृदय बंद न पडता कुणी मरतं का? काय करताना गेले?"

शिगेकीची मान खाली गेली. "वडील जाळं ओढताना. भाऊ उत्सवात, पालखी खांद्यावर असताना."

"आणि हे आत्ता सांगताय! हृदयाचा स्नायू कुणाचा जाड होतो, कुणाचा ताणून पातळ होतो, कुणाच्या स्नायूत चरबी शिरते. आजार वेगळा, उपाय वेगळा. तुम्ही सगळं एकाच पोत्यात कोंबलंत, तर मी हिला देऊ काय?"

"चुकलो, डॉक्टर. लिहून घ्या. सगळं सांगतो."

तपासणीत स्नायू जाड निघाला. औषधं सुरू झाली, शर्यती सुटल्या. चिनात्सुनं धावायचे बूट बापापुढे आपटले. हृदयाचा ठोका बिघडला की विजेचा झटका देऊन तो पूर्ववत करणारं काडेपेटीएवढं यंत्र तिच्या छातीत कातडीखाली बसलं.

शरदात देवळाच्या पायऱ्या चढताना ती पुन्हा कोसळली. शिगेकी धावला, पण तो पोचायच्या आत पोरीनं डोळे उघडले!

"बाबा, छातीत कुणीतरी लाथ घातली!"

"घालू दे गं, खुशाल घालू दे!" तो हसत होता आणि रडतही होता. त्याची पोर जिंकली होती!

दुसऱ्या दिवशी आजी स्वतः नणंदेच्या दारी गेली. "लग्नाचं मागाहून बघू. आधी पोरांना तपासून आणा." नणंदेच्या दोन नातवंडांत तोच आजार सापडला, तोही वेळेवर.

आता नुसतं ‘हृदय बंद पडलं’ लिहिलेला दाखला खिडकीत आला की शिगेकी तो डॉक्टरांकडे परत पाठवतो. "कशानं बंद पडलं, ते लिहा."

मंडळी, आपल्या घरातलं असं मरण झाकून ठेवू नका. गेलेल्याच्या आजाराला नेमकं नाव मिळालं, तर मागे राहिलेलं लेकरू वाचतं.