दयारामचा हात

धाडच्या पंचक्रोशीत दयारामने उभं आयुष्य विहिरी खोदल्या, आणि एकही कोरडी गेली नाही. कुठल्या विहिरीत मुरूम किती, काळा पाषाण किती, ज्याच्याखाली पाणी लागतं तो लाल थर किती वावांवर, सगळं तोंडपाठ. दोन्ही हात पसरून दोर ताणायचा, तो एक वाव. लिहून ठेवायला अक्षर कुठे येत होतं!

मुलगा पंजाबराव मात्र शिकला आणि बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत लागला. ऐंशी साली तिथल्या साहेबांनी, भगवानरावांनी, नवं खूळ काढलं: विहिरींची मापं मुंबईच्या संगणकाला द्यायची, तो जमिनीच्या पोटातले थर लांबी-रुंदी-खोलीसकट काढून दाखवणार. जुन्या विहिरी बांधून काढलेल्या, आतले थर दिसेनात. म्हणून पंजाबरावने बापाला ओसरीत बसवून एकेचाळीस विहिरी लिहून घेतल्या, वावाचे सरसकट सहा फूट धरले आणि माहिती मुंबईला धाडली. बापाचं ज्ञान यंत्रात चाललं म्हणून गडी हवेत होता, खोटं कशाला बोला.

चित्र आलं. गावाच्या पूर्वेला लाल थर परातीसारखा खोलगट. परातीत पाणी साचणारच, म्हणून कचेरीने गावाची नवी विहीर तिथे धरली. खोदताना लाल थर नेहमीच्याच खोलीवर भेटला, तोही कोरडा. पुढे सत्तर फुटांपर्यंत नुसता पाषाण. बाया पुन्हा नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर वाट्यांनी पाणी भरू लागल्या.

"म्हाताऱ्याला आठवत नाही, तसा जबाब घे," भगवानराव म्हणाले. "नाहीतर चौकशी तुझ्यावर."

वाव खरंच सहा फुटांचा आहे का बघायला पंजाबराव मोजायची टेप घेऊन घरी गेला आणि बापाला हात पसरायला लावले.

"काऊन मोजून राह्यला बे?"

डावा कोपर सरळ होईना. पासष्ट साली सुरुंगात मोडलेला हात. त्याआधीच्या विहिरी पश्चिमेच्या, नंतरच्या सगळ्या पूर्वेच्या. आखूड हाताने तेवढ्याच खोलीला वाव जास्त भरले, सहा फुटांनी गुणल्यावर पूर्वेचा थर खोल दिसला, आणि चित्रात परात झाली.

"बाबा, हात मोडल्यावर वाव लहान झाला, हे काऊन नाही सांगतलं?"

"तू इचारलंच कुठी? मले वाटलं, पोराले माहा हात दिसते."

पंजाबरावने टेप गुंडाळून ठेवली. त्याने साहेबांच्या जबाबाचं सांगितलं.

"लिही, दयाराम चुकला," म्हातारा म्हणाला. "मले आता कोन बोलावते विहिरीले? तुही नोकरी राहू दे."

आतून आई, केसरबाई, कळवळली, "जन्मात एक विहीर कोरडी नाही गेली यायची!"

पंजाबरावला लाज वाटली, तरी त्याने लिहिलं. पुरुषाचा अंगठा डावा घेतात. दयारामने शाई लावलेला हात पुढे केला, पण तो कागदापर्यंत पोचेना. शेवटी पंजाबरावनेच कागद उचलून बापाच्या अंगठ्याखाली धरला.