पाहिले, वाचले, ऐकले

मित्रांनो, जन्माने मी रजिस्टरची वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड लावलेली. झाशीच्या माणिक चौकातल्या एका बाइंडरने मला शिवले, तेव्हा कुठल्याशा कचेरीत आपल्यात हजेरी भरली जाणार, असेच मी धरून चालले होते. पण रेल्वेच्या कारखान्यात फिटर असलेले अनंतराव मला घरी घेऊन आले आणि पहिल्या पानावर त्यांनी लिहिले, ‘पाहिले, वाचले, ऐकले’. त्या तीन शब्दांनी माझे नशीब पालटले.

अनंतराव मूळचे भुसावळचे. सिनेमा पाहून आले की हातपाय धुवायचे आणि चहाही न घेता मला उघडून बसायचे. एखाद्या कादंबरीला चार पाने द्यायचे, एखाद्या सिनेमाला एकाच ओळीत वाटेला लावायचे. ‘नायक पावसात भिजत राहिला, मी जांभया देत राहिलो,’ हे वाक्य माझ्या सतराव्या पानावर आजही आहे. जवळच्या एरच गावी पाहिलेल्या नौटंकीबद्दल त्यांनी लिहिले होते, ‘नगाडा वाजवणारा म्हातारा मधूनच घाम पुसत होता, पण ताल हलला नाही. राणीपेक्षा तोच लक्षात राहिला.’ पाहुणे आले की अनंतरावांच्या पत्नी बकुळताई मला पुढे करत. “वाचा, आमच्या घरचं वेगळं वर्तमानपत्र निघतं,” असे कौतुकाने म्हणत. खोटे कशाला बोलू, मी फुगून जात असे.

पण माझ्यातल्या एका पानाने या घरात मोठे दुःख आणले. ते सांगितल्याशिवाय माझी हकिगत पुरी होणार नाही.

अनंतरावांची एकुलती एक मुलगी मृदुला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. इथल्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात नाटक बसवले आणि तिला मोठी भूमिका मिळाली. मृदुला झाशीतच वाढलेली. तिला मराठी समजे, पण बोलताना जीभ हिंदीकडे वळे आणि ‘ळ’ तर मुळीच निघत नसे. महिनाभर ती माझ्या टेबलासमोर उभी राहून “आभाळ, सावळा, वेळ” असे घोकत होती. मी रोज ऐकत होते.

प्रयोगाच्या दिवशी ती ऐन वेळी ‘आभाल’ म्हणून गेली. प्रेक्षक हसले. घरी येऊन अनंतरावांनी मला उघडले आणि लिहिले, ‘मृदुलेला साधा ळ म्हणता येत नाही. सभागृह हसले. माझी मान खाली गेली. ज्याला भाषा येत नाही त्याने रंगमंचावर चढू नये.’

दुसऱ्या दिवशी मृदुलेने ते पान वाचले. ती रडली नाही. तिने मला नीट मिटले, जागेवर ठेवले आणि त्यानंतर कधी नाटकात काम केले नाही. वडिलांना ती ‘बाबा’ म्हणायची, ती ‘पापाजी’ म्हणू लागली आणि त्यांच्याशी फक्त हिंदीत बोलू लागली. कॉलेजच्या मैत्रिणींमुळे पोरीला मराठीचा कंटाळा आला, अशी अनंतरावांनी समजूत करून घेतली. खरे कारण मला ठाऊक होते, पण वहीला तोंड कुठे असते?

वर्षे गेली. मृदुला दूरच्या गरौठा गावातल्या एका शाळेत शिक्षिका झाली आणि शनिवार-रविवारपुरती घरी येऊ लागली. बकुळताई वारल्या. अनंतराव निवृत्त झाले आणि काचबिंदूने हळूहळू त्यांची नजर नेली. शेवटी शेवटी त्यांच्या ओळी एकमेकींवर चढू लागल्या. मग एके दिवशी त्यांनी मला ट्रंकेत ठेवून दिले. चार वर्षे मी स्वेटरांखाली पडून होते. कसर माझे कोपरे खात होती.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मृदुला महिनाभर घरी राहिली. दुपारी ती वडिलांना मोबाइलवर एक मालिका ऐकवू लागली. गोष्ट एका म्हाताऱ्या नावाड्याची होती. जे संवादांतून कळत नसे ते ती सांगे. “अब वो नाव को हाथ लगा रहा है, पापाजी. कुछ बोल नहीं रहा.” शेवटचा भाग संपला तसे अनंतराव ताठ बसले.

“मृदुला, माझी वही काढ. हे लिहून ठेवलं पाहिजे. तू लिही, मी सांगतो.”

तिने मला बाहेर काढले, झटकले. कोरे पान शोधताना ते जुने पान तिच्यासमोर आले आणि तिचा हात थांबला.

“काय झालं?” अनंतरावांनी विचारले.

मृदुलेने ते पान मोठ्याने वाचले. अडखळत, पण शेवटपर्यंत.

“हे मी लिहिलं?”

“जी.”

“तू कधी वाचलंस?”

“अगले ही दिन.”

अनंतराव म्हणाले, “म्हणून तू नाटक सोडलंस? आणि मी आपला म्हणत राहिलो, हिला कंटाळा आला.” मग ते म्हणाले, “फाडून टाक ते पान.”

पण मृदुला म्हणाली, “नहीं. नीचे जगह है. जो रह गया, वो लिखवाइए.”

मग त्यांनी सांगितले आणि तिने लिहिले. तिला मराठी लिहिणे जड जात होते, ते एकेक अक्षर सांगत होते. ‘त्या संध्याकाळी लोक एकदाच हसले. बाकी सारा वेळ श्वास रोखून बसले होते. शेवटच्या प्रवेशात शेजारच्या विजयालक्ष्मीबाई रडत होत्या, आणि मीही. ते मी लिहिले नाही. कारखान्यातून आल्यावर मीच पोरीशी हिंदीत बोलायचो. ळ शिकवायला मला कधी वेळ झाला नाही. मान खाली गेली ती माझ्या चुकीने.’

मृदुलेने पेन खाली ठेवले. मग म्हणाली, “बाबा, चहा ठेवते.”

या गणेशोत्सवात तिने एका कथेचे अभिवाचन केले. अनंतराव पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला माझ्यासमोर बसवले.

“लिही. वाचन फार गोड झाले. पण शेवटाकडे घाई केलीस.”

“अहो बाबा, लोक उठायला लागले होते!”

“उठू देत. तू का उठायचं?”

मृदुला खळखळून हसली आणि तिने ‘शेवटाकडे घाई केली’ असे स्वतःच्या हाताने, स्वतःबद्दल लिहिले.

मित्रांनो, सिनेमा पाहा, पुस्तके वाचा, नाटके पाहा आणि माझ्यासारख्या एखाद्या वहीत लिहून ठेवा. खटकले असेल तर तेही लिहा. मात्र डोळे भरून आले असतील, तर ते लपवू नका. आणि ज्याच्याबद्दल लिहिले असेल, त्याला ते आधी आपल्या तोंडून ऐकू द्या.