थिनरच्या खोलीचं दार

रंगाच्या कारखान्यातून महिन्याभरात थिनरचे चार डबे गायब झाले आणि सगळ्यांची बोटं स्टोअरवाल्या काकांकडे वळली. किल्ली त्यांच्याकडे, म्हणजे पापही त्यांचंच! सव्वीस वर्षं इमानेइतबारे काम केलेला माणूस, पण आता घरी जाताना त्यांची पिशवी तपासली जायची, तीही सगळ्यांदेखत.

मालकांनी वायरमनबाईंना बोलावलं. "स्टोअरमधल्या थिनरच्या खोलीचं दार उघडलं की माझ्या केबिनमध्ये घंटा वाजली पाहिजे. हा स्विच आणलाय, आजच लावा."

बाईंनी खोलीत पाऊल टाकलं मात्र, उग्र वासानं डोळ्यांत पाणी आलं. आल्या पावली बाहेर येऊन त्यांनी स्विच उलटासुलटा पाहिला.

"हा साधा आहे. इथे लावणार नाही."

"अहो, चोवीस व्होल्टचा तर आहे! त्यानं मुंगी तरी मरेल का?"

"मुंगी वाचेल. कारखाना जाईल."

"मग दुसऱ्या कुणाला विचारू का?"

बाईंना इथलं काम बऱ्याच खटपटीनं मिळालं होतं. तरी त्या म्हणाल्या, "विचारा. आधी पाच मिनिटं द्या."

केबिन स्टोअरपासून चांगली लांब होती. तिथे बाईंनी पडदे ओढले, दिवा मालवला, बॅटरी आणि घंटा त्या स्विचला जोडली. घंटा वाजली. स्विच सोडताक्षणी अंधारात निळसर ठिपका चमकला.

"ठिणगी! पण एवढीशीच," मालक म्हणाले.

"थिनरच्या वाफेला एवढीशी पुरते."

मालकांनी उठून पडदे उघडले. मग म्हणाले, "योग्य तो मागवा."

आठ दिवसांनी नवा स्विच आला. ठिणगी पडते ती त्याची धातूची टोकं काचेच्या नळीत बंद होती. सोबत केबिनमध्ये लावायची एक पेटी होती. वायर तुटली तरी वाफ पेटेल इतकी ठिणगी पडू नये, एवढाच करंट ती पुढे सोडायची. खोली रिकामी करून, वारा खेळवून बाईंनी काम केलं. काकांनी शिडी धरली.

"पोरी, माझ्यासाठी एवढी भांडलीस?"

"खरं सांगू काका? आधी माझ्या जिवासाठी भांडले."

काका कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

चौथ्या दिवशी भर दुपारी, काका जेवायला गेलेले असताना, घंटा खणखणली. मालक धावले. दारात त्यांचा मेव्हणा उभा होता, एका हातात डबा, दुसऱ्या हातात चोरून बनवलेली किल्ली.

"मी... मोजत होतो," तो चाचरला.

मालकांनी किल्ली काढून घेतली, त्याला बाहेरचा रस्ता दाखवला आणि तडक काकांसमोर येऊन उभे राहिले. "चुकलं माझं."

"हे चारचौघांत म्हणा, मालक. संशय चारचौघांत घेतला होतात."

पाळी बदलायच्या वेळी, सगळे कामगार जमलेले असताना, मालकांनी तेच शब्द मोठ्यानं म्हटले. मग बाईंकडे वळून म्हणाले, "अख्खा कारखाना तपासा. जिथे असा धोका असेल, तिथलं सगळं बदला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी रंग मिसळायच्या खोलीपासून सुरुवात केली. दुपारपर्यंत तिथे तसलेच साधे, ठिणगी पाडणारे तीन स्विच सापडले.